डोळ्यांचं खोटं कारण

बाळांनो,

बुधवारी तुमचं पाकीट पोस्टाने आलं. आत कागदांचा गठ्ठा होता. प्रत्येक कागदावर पाच-सहाच ओळी, आणि अक्षरं एवढी मोठी की भिंतीवर लावली तर रस्त्यावरून वाचता येतील. आपण अर्ध्यावर सोडलेल्या गोष्टीची पुढची दोन प्रकरणं तुमच्यातल्या धाकटीने सुट्टीत बसून टाइप केली, कारण आजीला बारीक अक्षर दिसत नाही. कागद मी क्रमाने लावले, टाचले आणि कपाटात ठेवले.

मला बारीक अक्षर दिसतं. मोतीबिंदूची दोन्ही ऑपरेशनं नीट झाली आहेत. औषधाच्या पट्टीमागची मुदतसुद्धा मी चष्म्याशिवाय वाचते. वर्षभरापूर्वी मी रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्हाला वाचून दाखवणं बंद केलं आणि तुम्हाला डोळ्यांचं कारण दिलं, ते खोटं होतं. त्या खोट्यावर एका मुलीने आपली सुट्टी घालवली. आता खरं सांगायला आणखी उशीर करणं बरोबर नाही.

हे इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं, मलाही. पण यातली माणसं इंग्रजीत बोलली की वेगळीच होतात. अडेल तो शब्द आईला विचारा.

खरं कारण एका वाक्याचं आहे. तुमचे आजोबा गेल्यापासून मला पुस्तकात जाता येत नाही. पण 'जाणं' म्हणजे मला काय म्हणायचं आहे ते कळलं नाही तर हे वाक्य तुम्हाला निमित्त वाटेल, म्हणून थोडं मागून सांगते.

माझे वडील होटगीला रेल्वेत कारकून होते. आमचं क्वार्टर रुळांना लागून. एप्रिलच्या दुपारी फरशी इतकी तापायची की आई तिच्यावर ओलं पोतं टाकायची. तिथे बसून मी शाळेतून आणलेली इंग्रजी पुस्तकं वाचायचे. कुठे बर्फाचं वर्णन आलं की मी पाय वर घेऊन परकराखाली ओढायचे. आई कपाळाला हात लावून बघायची. "ताप आलाय का गं?" मी खरोखर गारठलेली असे. बाहेरून मालगाडी गेली तरी मला ऐकू यायची नाही. पुढे कॉलेज झालं, इंग्रजीत एम.ए. झाले, पण वाचणं म्हणजे तेच राहिलं. पान उघडायचं आणि निघून जायचं.

लग्न होऊन मी सोलापुरात कापड दुकानदारांच्या घरी आले. माझ्या सासूबाईंना सगळे अव्वा म्हणत. त्या अक्कलकोटकडच्या, घरात कन्नड आणि मराठी दोन्ही बोलायच्या, आणि दोन्हींतलं एक अक्षरही त्यांना वाचता येत नव्हतं. घरात बारा-तेरा माणसं. कडक भाकऱ्या दिवसाआड होत. दुपारी अव्वा आणि माझ्या जाऊबाई दोन चुलींपुढे बसत आणि ज्वारीच्या पातळ भाकऱ्या थापून, भाजून, वाळायला लावत. मला ते जमेना. माझी भाकरी परातीतून उचलली की कडेने फाटायची. आठवडाभर अव्वांनी पाहिलं.

"इंग्रजी शिकली, अन् भाकर फाटती," त्या जाऊबाईंना म्हणाल्या. मग मला म्हणाल्या, "ऊठ तू. पीठ वाया घालवू नको. ते पुस्तक आण तुझं. रोज त्यात तोंड घालून बसती, काय हाय त्यात सांग तरी. आमचे हात चालू दे, तुझं तोंड चालू दे."

तेव्हापासून ते माझं काम झालं. आदल्या दिवशी वाचायचं आणि दुपारी सांगायचं. अव्वांनी नियम घालून दिले. पहिला, नावं घ्यायची नाहीत. "असली नावं माझ्या तोंडात बसत न्हाईत. धाकटी म्हण, थोरला म्हण, सावत्र सासू म्हण." दुसरा, मधलं काही गाळायचं नाही. तिसरा, जागा कशी आहे ते आधी सांगायचं, मग माणसं आणायची.

जागा सांगणं फार अवघड जायचं. उजाड माळरान सोपं होतं, सांगोल्याकडचा माळ म्हटलं की झालं. बर्फाला त्यांनी विचारलं, "म्हणजे गारा?" मी म्हटलं, गारा नव्हे, पिंजलेला कापूस वरून पडतोय असं समजा. ते पटलं. समुद्राला मात्र दोन दुपारी गेल्या. भीमेला पूर आला की पलीकडचा काठ दिसेनासा होतो तसं, असं मी सांगितलं.

"अन् वसरत न्हाय?"

"नाही."

"कवाच न्हाय?"

"नाही, अव्वा."

"मग ती लोकं ऱ्हातात कशी तितं?" त्या म्हणाल्या, आणि हातातली भाकरी तव्यावर टाकायची राहिली.

एकदा मी अशीच समुद्राकाठच्या एका मुलीची गोष्ट सांगत होते. नवरा जहाजावर गेलेला, ही एकटी, दिवस गेलेले. दहा-अकरा दुपारी ती चालली. अव्वा भाकरी थापता थापता तिला काय खायला हवं ते सांगायच्या. "डिंकाचं कायतरी द्या म्हणावं पोरीला." शेवटी पुस्तकात होतं तसं झालं. नवऱ्याचं जहाज किनाऱ्याला लागायच्या आदल्या दिवशी ती बाळंतपणात गेली. मी शेवट बदलू शकले असते. पण गाळायचं नाही हा नियम होता, आणि पुस्तकात आहे तेच सांगायचं ही मला शाळेपासूनची सवय. मी सांगितलं आणि उन्हं कलली तशी वाळवण काढायला, निवडायला गच्चीवर गेले.

खाली काय झालं ते मला नंतर कळलं. अव्वांनी हात धुतले, दोन्ही चुलींतली लाकडं बाहेर ओढली आणि भिंतीला टेकून बसल्या. जाऊबाईही बसल्या. तेवढ्यात शेजारीण विरजण मागायला आली. दिवेलागणीची वेळ आणि चुली थंड.

"का हो अव्वा? चूल का पेटली न्हाय?"

"पोर गेली गं," अव्वा म्हणाल्या. "लई गुणाची. बाळंतपणात गेली. उद्या नवरा यायचा, अन् आज गेली."

"अगं बाई! कुणीकडली?"

"दर्याकडली."

शेजारणीने पुढे विचारलं नाही. अव्वांचे डोळे बघून कोणीच विचारलं नसतं. आमच्याकडे रीत अशी की मयत झालेल्या घरात त्या दिवशी चूल पेटत नाही, शेजारची घरं पिठलं-भाकरी आणून देतात. त्याला कडू घास म्हणतात. मी गच्चीवरून खाली आले तेव्हा ओसरीवर चार घरांची चार पातेली होती, त्यांवर भाकऱ्यांची चवड होती आणि सात-आठ बायका गुडघ्याला गुडघा लावून बसल्या होत्या. कोणीतरी दुकानातही निरोप दिला होता. सासरे आणि त्यांच्या मागोमाग तिघे मुलगे दुकानाच्या फळ्या लावून धावत आले. त्यांत तुमचे आजोबाही होते, पायात एकच चप्पल.

"कोण गेलं?" सासऱ्यांनी विचारलं.

सगळ्यांनी अव्वांकडे पाहिलं. अव्वांनी माझ्याकडे पाहिलं.

"पुस्तकातली मुलगी," मी म्हटलं.

"कुठल्या पुस्तकातली?" सासऱ्यांनी विचारलं, जणू पुस्तक कुठलं यावर काही अवलंबून होतं.

मी पुस्तक आणून दाखवलं. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं, दाराशी उभ्या असलेल्या मुलांकडे पाहिलं, पातेल्यांकडे पाहिलं आणि खाली बसले. "बसा समदे. आलेलं अन्न माघारी जात न्हाय," एवढंच बोलले. आम्ही सगळे जेवलो. पिठलं चांगलं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारीण पातेलं न्यायला आली, ती गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "विलायतेत मयत, अन् पिठलं आमचं! सूनबाई, पुढच्या वेळेला लगीन लाव कुणाचं तरी. आमीच येतो जेवायला."

सासरे मात्र चिडलेले होते. "अगं, खोटी माणसं ती. कागदावरली. त्यांच्यापायी दुकान बंद केलं मी."

"तुमी तमाशाला जाता ती माणसं खरी असतात व्हय?" अव्वा म्हणाल्या. "माझं काय चुकलं? दुपारचा तासभर मी हितं नसते. कुणाला ठाव हाय ते? हितं बसलेली दिसते म्हणून तुमास्नी वाटतं हितं हाय. मी तितं होते. तिच्या उशाशी होते."

सासरे दुकान उघडायला गेले. गोष्टी चालू राहिल्या. अव्वांनी नियमांत एकाची भर घातली. "मरणार असंल कोण, तर आधी सांगत जा. चूल पेटवून सैपाक उरकून ठेवीन."

हे तुम्हाला हसवायला लिहिलेलं नाही, हसलात तरी हरकत नाही. अव्वा एका नसलेल्या मुलीसाठी रडल्या, आणि मी गेल्या वर्षी तुमच्या आजोबांसाठी रडले नाही. दोन्ही गोष्टी एकाच घरातल्या आहेत आणि दोन्ही तुम्हाला माहीत असाव्यात.

आजोबा स्वतः पुस्तक वाचत नसत. पण रविवारी मी तुम्हाला फोनवर वाचून दाखवायला बसले की ते शेजारच्या खोलीत पेपर घेऊन बसायचे. पेपराचं पान उलटल्याचा आवाज कधी यायचा नाही. मध्येच तिकडून हाक यायची, "अगं, मागच्या रविवारी बोटीत सात जण होते. आज सहा कसे?" तुम्ही दोघं तिकडे हसायचात. मी मागचं पान काढून मोजायचे. बहुतेक वेळा त्यांचंच बरोबर असायचं.

ते गेले त्या दिवशी तुमचे बाबा विमानात होते. आमच्या अपार्टमेंटमधल्या लोकांनी सगळं केलं. संध्याकाळी तिघांच्या घरून जेवण आलं, आता पातेलं नाही, स्टीलचे डबे. मी जेवले. पिठल्यात मीठ कमी होतं, हे माझ्या लक्षात आलं. दुसरं काही लक्षात आलं नाही. लोक येत होते, बसत होते, उठत होते. मी सगळ्यांना पाणी दिलं. माझी एक पुतणी म्हणाली, "काकू, रडून घ्या, बरं वाटेल." मला बरं वाटत नव्हतं असंही नव्हतं. काहीच वाटत नव्हतं. दात काढण्याआधी डॉक्टर इंजेक्शन देतात आणि गालाला हात लावला तर गाल दुसऱ्याचा वाटतो, तसं. फक्त ते दोन तासांत उतरतं, हे उतरलं नाही.

तिसऱ्या रविवारी मी पुस्तक काढलं. आधी स्वतः वाचून ठेवायचं ही माझी सवय तुम्हाला माहीत आहे. शब्द सगळे कळत होते. नदी होती, पूल होता, पुलावर माणूस उभा होता. मी खुर्चीत होते. वर पंखा फिरत होता, खाली रिक्षावाला कोणाशी तरी भांडत होता आणि मला पंखाही ऐकू येत होता आणि भांडणाचा शब्दन् शब्दही. असं मला कधीच ऐकू आलं नव्हतं. मी फोनवर तुम्हाला सांगितलं, डोळे दुखताहेत.

मग मी पद्धतशीर प्रयत्न केले. सकाळी वाचून पाहिलं, दुपारी पाहिलं. खुर्ची बदलली. लहानपणची आवडती पुस्तकं काढली, ज्यांत मी शंभरदा जाऊन आले होते. घरं तिथेच होती, रस्ते तिथेच होते, मला आत घेईनात. शेवटी एक नवीन कादंबरी आणली. तिच्या एकशे बाराव्या पानावर मी थांबले आणि तिथेच राहिले. मला दुःख झालं असं म्हणणार नाही. मी खूण घातली, पुस्तक टेबलावर ठेवलं आणि रोज दुपारी तेच पान उघडून बसायला लागले, कारण दुपारी तेच करायची सवय होती. मनात एकच प्रश्न होता, तुम्हाला पुन्हा वाचून दाखवायचं की हे कायमचं संपलं. जिला स्वतःला जाता येत नाही तिने दुसऱ्याला काय न्यायचं, असं मी धरून चालले होते.

आमच्याकडे भाकरी करायला एक बाई येतात. विणकरांच्या घरातल्या, घरी तेलुगू बोलतात, नवरा टॉवेलच्या मागावर काम करतो. मला अम्मा म्हणतात. त्या टेबल पुसतात, त्यामुळे खूण त्यांच्या डोळ्यांसमोर असते. गेल्या महिन्यात त्यांनी फडकं थांबवून विचारलं, "अम्मा, लई दिवस झाले, पान तेच हाय की. संपतच न्हाय का ते?"

"संपत नाही," मी म्हटलं.

"एवढं काय हाय त्या पानात?"

उत्तर द्यायचं म्हणून मी दिलं. डोंगरातल्या एका घाटात दोन बहिणींची खाणावळ आहे. बर्फ पडून वाट बंद झाली आहे. थोरली आजारी, धाकटी औषध आणायला खालच्या गावात गेली ती अजून आलेली नाही. मी हे किराणा सामानाची यादी वाचावी तसं सांगितलं. आवाजात चढउतार नव्हता. त्या ऐकत उभ्या राहिल्या, मग भाकऱ्या केल्या आणि गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्या वेळेच्या आधी आल्या. दारातच चप्पल काढता काढता म्हणाल्या, "आली का धाकटी?"

"पुढचं मी वाचलेलं नाही."

"असं कसं न्हाय वाचलं? बर्फात अडकली असंल तर? काल माझी घरी भाकर करपली तिच्यापायी. ती थोरली माडीवरच्या खिडकीत बसली हाय, हिरवा पडदा बाजूला करून. तिला ताप हाय अन् तिनं वारं खाऊ नये. कुणी सांगायला नको का तिला?"

"माडी नाही तिथे," मी म्हटलं.

"हाय की."

"मी सांगितली नाही."

"तुमी सांगितली नसंल. पण हाय. लाकडी जिना हाय, तिसरी पायरी वाजती."

त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि मी पुस्तक उघडून मागची सगळी पानं तपासली. खाणावळ बैठी, बिनमाडीची होती. खिडकीचा उल्लेख दोनदा होता, पडद्याचा एकदाही नव्हता. जिन्याचा प्रश्नच नव्हता. बाई पुस्तकात नसलेल्या माडीवर जाऊन आल्या होत्या, आणि तिथवर त्यांना माझ्या यादीसारख्या सांगण्याने नेलं होतं.

मी तिथेच बसून हिशोब जुळवला. अव्वांना गोष्टी सांगायचे तेव्हा मी तरी कुठे जात होते? आदल्या दिवशी वाचताना जायचे. सांगताना मी त्या दोन चुलींपुढेच असायचे. धूर डोळ्यांत जायचा. समुद्राला काय म्हणावं, सावत्र सासूला कुठून आणावं, नावं कशी टाळावीत, या विचारात मला बाकी काही सुचायचं नाही. त्या मुलीच्या उशाशी अव्वा होत्या. मी शेवट सांगितला आणि वाळवण काढायला गेले. मी रडले नव्हते तेव्हाही. इतकी वर्षं ही गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती, कारण जाणं आणि सांगणं ही दोन्ही कामं मीच करत होते.

मला आनंद झाला का, असं तुमच्यातला थोरला विचारेल. नाही झाला. एक चूक सापडली, एवढंच.

त्या दिवशी मी एकशे तेरावं पान वाचलं, मग चौदावं. कुठेही गेले नाही. दुसऱ्या दिवशी बाईंना सांगितलं. धाकटी सापडली, पण पायाचं बोट गमावून. बाई म्हणाल्या, "कुठल्या पायाचं?" पुस्तकात ते नव्हतं. मी म्हटलं, डाव्या. अव्वांच्या वेळी मी असं पदरचं काही घातलं नसतं. आता घालते. तुम्हाला वाचून दाखवतानाही घालेन, तेव्हा मूळ पुस्तकाशी ताडून पाहू नका.

येत्या रविवारी नेहमीच्या वेळेला फोन लावा. वाचताना माझा चेहरा कोरा दिसेल. त्याचा अर्थ मी कंटाळले आहे किंवा आजारी आहे असा घेऊ नका, आणि आईला हळूच काही विचारू नका. मी खुर्चीत असेन, पंखा ऐकत असेन. तुम्ही जिथे जायचं तिथे जा. मला पुन्हा तिकडे जाता येईल की नाही ते मला माहीत नाही आणि त्याची मी वाट पाहत नाही.

जाणं बंद झालं आहे. सांगता अजून येतं.

तुमची,
आजी